बाळंतपणानंतरचं दुखणं: किती दिवस चालतं आणि दाखवायचं कधी?

कृष्णकमळ
नमस्कार मंडळी. मुलगी आता सव्वा महिन्याची होईल. नॉर्मल डिलिव्हरी झाली, खाली टाके पडले. बाळ छान आहे, दूध पितं, वजन वाढतंय. प्रश्न माझ्याबद्दलचा आहे.

मांडी घालून बसलं की टाक्यांची जागा अजून ओढते. कडक खुर्चीवर बसले तर माकडहाडातून कळ जाते, म्हणून एका कुशीवर कलून बसते. संडासला जायची इतकी धास्ती वाटते की मी जाणंच टाळते आणि मग आणखी त्रास होतो. परवा जोरात शिंक आली आणि लघवी झाली, साडी बदलावी लागली.

डिस्चार्जच्या कागदांत बाळाच्या लसींचा पानभर तक्ता होता. माझ्या नावापुढे लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम आणि 'सहा आठवड्यांनी दाखवणे' एवढंच. घरीदारी कोणालाही विचारलं तरी उत्तर एकच: अगं, बाळंतपण म्हटलं की एवढं व्हायचंच. व्हायचंच, कबूल. पण कधीपर्यंत? आणि कुठल्या दुखण्याला 'व्हायचंच' म्हणून सोडून द्यायचं नाही? ज्यांना अनुभव आहे त्यांनी मोकळेपणाने सांगा. इथे लाजू नका, मीही लाजत नाहीये.

पारिजात_ठाणे
आधी मनापासून अभिनंदन!

माझी दोन बाळंतपणं झाली, दोन्ही वेळा टाके. पहिल्या वेळी बाहेरची जखम महिन्याभरात भरली, पण मांडी घालून बिनधास्त बसायला जवळजवळ तीन महिने गेले. दुसऱ्या वेळी बरंच लवकर सुधारलं, कारण तोवर काय करायचं ते कळलं होतं.

सगळ्यात जास्त आराम कोमट पाण्याच्या टबात बसून मिळाला. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं. पाण्यात काही घालू नकोस, साधं पाणी पुरतं. नंतर मऊ सुती कापडाने टिपून घ्यायचं, चोळायचं नाही. लघवी करताना चरचरत असेल तर त्याच वेळी मगने वरून कोमट पाणी सोडत राहायचं, मग झोंबत नाही. बाळाला कुशीवर झोपून पाज. मांडी घालून पाजायला बसायचा आग्रह कोणी धरला तर ऐकू नकोस.

संडासचं मात्र अंगावर काढू नकोस. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला कडक होतं, त्यात आपण घाबरून रोखून धरतो. मला डॉक्टरांनी रात्री इसबगोल आणि दिवसभर भरपूर पाणी सांगितलं होतं. आणि कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट घ्यायचा. गुडघे वर आले की जोर कमी लावावा लागतो.

माळरान
शिंकेचं वाचून रडू आलं. माझा मुलगा दोन वर्षांचा आहे आणि मी आजवर हे कोणाला सांगितलेलं नाही. मला वाटत होतं माझ्या एकटीच्याच शरीरात काहीतरी बिघडलंय.

डॉक्टर_सातपुडा
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नंदुरबारकडे काम करते. इथे बसून तपासता येत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण म्हणून वाचा.

कृष्णकमळ, तुझे टाके छेद देऊन घातले की आपोआप फाटलं म्हणून, आणि ते किती खोल होते, हे तुझ्या केसपेपरवर लिहिलेलं असतं. ते मागून घे, तो तुझा हक्क आहे. फाटण्याच्या चार श्रेणी असतात. पहिलीत फक्त त्वचा, दुसरीत खालचा स्नायू, तिसरीत गुदद्वार आवळून धरणारा स्नायू आणि चौथीत आतल्या अस्तरापर्यंत. बहुतेक छेद दुसऱ्या श्रेणीइतके खोल असतात. बाहेरची कातडी तीन-चार आठवड्यांत जुळून येते, धागा आपोआप विरघळतो. आतला स्नायू भरायला जास्त वेळ घेतो. त्यामुळे सहा ते आठ आठवडे बसताना ओढ लागली तरी ती दिवसागणिक कमी होत असेल तर घाबरू नये. कमी होत होत मध्येच वाढली, जागा लाल-गरम झाली, पू किंवा घाण वास आला, तर वाट न पाहता दाखवायचं. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचे टाके असतील आणि वायू किंवा शौच रोखता येत नसेल तर ते ताबडतोब सांगायचं. बायका ही गोष्ट वर्षानुवर्षं लपवतात.

ज्यांची प्रसूती नुकतीच झाली आहे त्यांच्यासाठी: पहिल्या एक-दोन दिवसांत सुजेवर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवला तर खूप फरक पडतो. 'बाळंतिणीला थंड लावू नये' म्हणून घरचे अडवतात, पण सुजेसाठी तो चांगला उपाय आहे. कोमट पाण्याचा शेक त्यानंतर. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही दोन्ही औषधं अंगावर पाजणाऱ्या आईला नेहमीच्या मात्रेत चालतात. आयबुप्रोफेन पित्ताचा, दम्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारूनच घ्यावं. दुधातून बाळाला जाईल म्हणून दुखणं सोसत बसणाऱ्या कितीतरी मुली मी पाहते. दुखत असताना झोप येत नाही, झोप नसली की सगळंच बिघडतं.

सुमनमावशी
मी सत्तरी ओलांडलेली बाई. आमच्या साताऱ्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसत. सकाळी तेल लावून मालिश, मग कढत पाण्याची आंघोळ, मग बाजेखाली शेगडी आणि ओवा-बाळंतशेपाची धुरी. पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा. थंड पाण्यात हात घालायचा नाही, वाकून केर काढायचा नाही.

आता पोरी म्हणतात हे सगळं जुनाट. असेल. पण एक सांगते. सुनेला वर्षात हेच काय ते पाच-सहा आठवडे मिळायचे की कोणी तिला ऊठ म्हणायचं नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले तर माझ्या आईने मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. दुसऱ्याला सासरी होते, बाराव्या दिवशी चुलीपुढे बसले. कंबर त्या वेळची धरली ती अजून पावसाळ्यात बोलते. तेव्हा शेगडीवर भांडा हवं तर, पण सव्वा महिना मोडू नका.

ध्रुव_पिंपरी
मावशी, सव्वा महिन्याच्या विश्रांतीला माझं शंभर टक्के अनुमोदन. शेगडीबद्दल मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. मी कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. आई आणि बाळ झोपेतच गुदमरू शकतात. थंडीत दारं-खिडक्या लावून बाजेखाली शेगडी ठेवणं हे खरंच जिवावरचं आहे. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी वापरा. आणि धुरी बाळाच्या खोलीत नकोच, एवढ्याशा छातीला तो धूर सोसत नाही.

सुमनमावशी
ध्रुव, तुझं पटलं. आमच्या घरांना कौलं होती, धूर फटीतून निघून जायचा. आताच्या फ्लॅटात खिडकीला काच आणि वर एसी. नातसुनेच्या वेळी गरम पाण्याची पिशवीच आणू.

निखिल_आणि_दोन_पिल्लं
बाबा लोकांना इथे परवानगी आहे का? :)

आमची जुळी, सिझर. टाके पोटावर असल्याने प्रश्न वेगळे होते. बायकोला सगळ्यात जास्त त्रास झाला तो पलंगावरून उठताना. एका सिस्टरने शिकवलं: सरळ उठून बसायचं नाही. आधी गुडघे वाकवून संपूर्ण कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या कोपराने रेटा देत बसायचं. खोकला किंवा हसू आलं की पोटावर उशी घट्ट धरायची. त्यामुळे पहिले पंधरा दिवस आमच्या घरात विनोद करायला बंदी होती. माझे मित्र भेटायला आले की मी दारातच त्यांना ताकीद देत असे.

नवऱ्यांनी करण्यासारखं पुष्कळ आहे. रात्री बाळ उचलून आईच्या कुशीत देणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पाण्याची बाटली तिच्या हाताशी भरून ठेवणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाहुण्यांना आवरणं. आमच्याकडे लोक बाळ बघायला यायचे आणि नुकतं पोट कापलेली बाई त्यांच्यासाठी उठून बसायची. तिसऱ्या दिवशी मी सगळ्या नातेवाईकांच्या ग्रुपवर स्पष्ट लिहिलं की बारशालाच या. आत्या रुसल्या. बारशाला आल्या तेव्हा हसत होत्या.

पारिजात_ठाणे
निखिल, हे प्रिंट काढून प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावायला हवं.

शेवंती
सिझरवाल्यांसाठी अजून थोडं. टाक्याच्या आजूबाजूची जागा बधिर राहते आणि मधूनच खाजते. माझी वर्षभर बधिर होती, नंतर हळूहळू जाणीव परत आली. ऑपरेशननंतर एक-दोन दिवस खांद्यात गॅसची विचित्र कळ येते, ती चालायला लागलं की कमी होते.

आणि कमरेत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनमुळे माझी कंबर कायमची गेली हे मी छातीठोकपणे सांगते. आमच्या सोसायटीत सिझर झालेल्या सगळ्याजणी हेच म्हणतात.

डॉक्टर_सातपुडा
शेवंती, कंबर दुखते हे शंभर टक्के खरं, पण दोष सुईचा नाही. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, तेवढंच. महिनोन् महिने दुखणारी कंबर नॉर्मल डिलिव्हरी झालेल्यांचीही दुखते. नऊ महिने पुढे आलेलं वजन, ताणलेले पोटाचे स्नायू, सैल झालेले सांधे आणि मग दिवसातून दहा वेळा वाकून पाजणं. सुईला दोष देऊन थांबलं की व्यायाम राहून जातो, म्हणून हे सांगते.

सुईचा एक खरा त्रास असतो, तो म्हणजे डोकेदुखी. बसलं किंवा उभं राहिलं की भयंकर डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. पहिल्या काही दिवसांत असं झालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळवा. त्यावर इलाज आहे.

शेवंती
मला अजून पूर्ण पटलं नाहीये. पण पाजताना वाकण्याचं म्हणाल तर ते खरं आहे. मी उशी न घेता मान खाली घालून तासन् तास बसत होते.

गौरी_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, बाळंतिणींबरोबरच काम करते. माळरान आणि कृष्णकमळ, तुमच्या दोघींसाठी लिहितेय.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय या तिन्हींना ती खालून तोलून धरते. प्रसूतीत ती ताणली जाते, कधी फाटते. शिंकताना, खोकताना, पायऱ्या उतरताना लघवी होणं ही त्या झोळीची तक्रार आहे. पहिले काही आठवडे हे बऱ्याच जणींना होतं. तीन महिन्यांनंतरही होत असेल तर उपचार घ्यायचाच. दोन वर्षांनी आलेल्या बायकांनाही फायदा होतो, तेव्हा माळरान, उशीर झालेला नाही.

व्यायाम असा: आडवं पडा, गुडघे वाकवा. वायू आणि लघवी एकाच वेळी रोखताना जसं आत ओढून घेतो तसं आत आणि वर ओढा. तीन-चार सेकंद धरा, मग पूर्ण सैल सोडा. सैल सोडणं हा निम्मा व्यायाम आहे, ते विसरू नका. श्वास रोखू नका, पोट-मांड्या आवळू नका. आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. खरोखर लघवी करताना मध्येच धार तोडून सराव करायचा नाही, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. १९४८ मध्ये डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी हे व्यायाम मांडले, म्हणून सगळीकडे केगेल म्हणतात.

एक सावधगिरी. काहीजणींचे हे स्नायू ढिले नसून दुखण्याच्या भीतीने सतत आवळलेले असतात. बसताना दुखतं, संडासला त्रास, माकडहाडात कळ, हे सगळं एकत्र असेल तर नुसतं आवळत बसल्याने दुखणं वाढतं. म्हणून कृष्णकमळ, तू आधी कोणाकडून तरी तपासून घे.

पोटाचं घरी बघता येतं. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, डोकं किंचित उचला आणि बेंबीच्या वर-खाली मधल्या रेषेत बोटं आडवी ठेवून दाबा. दोनपेक्षा जास्त बोटं आत जात असतील किंवा मधून उंचवटा वर येत असेल तर पोटाचे दोन स्नायू अजून लांब आहेत. अशा वेळी लगेच उठाबशा आणि क्रंचेस सुरू करू नका.

चिंचपेटी
गौरीताई, पोटाचा पट्टा बांधावा की नाही? आई म्हणते बांधलाच पाहिजे, नाहीतर पोट सुटतं. बहीण म्हणते त्याने काहीच होत नाही.

गौरी_फिजिओ
आधार म्हणून चांगला, विशेषतः सिझरनंतर चालताना. पोट आत जाण्यासाठी त्याचा उपयोग नाही. घट्ट आवळला तर दाब खाली झोळीवर येतो, म्हणजे शिंकेचा त्रास उलट वाढतो. श्वास मोकळा घेता येईल इतपतच, आणि झोपताना काढून ठेवायचा.

हिरवी_पेज
आम्ही सिंधुदुर्गातले. आमच्याकडे बाळंतिणीला मेथी घालून पेज. तुमच्याकडे काय देतात? दुखण्याच्या धाग्यावर जरा खाण्याचंही येऊ द्या.

खान्देशी_ठेचा
आमच्याकडे बाजरीची भाकरी, लसूण-खोबऱ्याची चटणी आणि शेपूची भाजी. शेपू न आवडणाऱ्या बाईने खान्देशात बाळंत होऊ नये. :)

पारिजात_ठाणे
डिंकाचे लाडू! आणि अळिवाची खीर, नारळाच्या दुधातली. अळिवात लोह भरपूर असतं. लाडू मात्र दिवसाला एक. आमच्याकडे सासूबाई तीन-तीन देत होत्या, वर 'पाणी कमी पी, पोट सुटेल' असंही म्हणायच्या. पाणी कमी केलं की संडासचा त्रास झालाच म्हणून समजा. अंगावर पाजणारीला तहान लागेल तेवढं पाणी प्यायलाच हवं.

सुमनमावशी
पाणी कमी देणं चूकच. आमच्या आईने मला उकळून कोमट केलेलं पाणी मागेन तेवढं दिलं. बाळंतकाढाही दिला, पण वैद्यांना विचारून.

आशाताई_बीड
मी आशा कार्यकर्ती आहे. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातो. घरीच बाळंत झाली असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचं वजन, ताप, नाळ, दूध ओढतंय का हे सगळं बघतो. आईला अंगावरून किती जातंय, ताप आहे का, हे विचारतो.

पण खरं सांगते, बसून बोलल्याशिवाय बाई दुखतं म्हणून सांगतच नाही. सासू शेजारी बसलेली असते. मी म्हणते, मावशी, जरा चहा टाका. सासू आत गेली की मग ही बोलते. टाके सुटलेत, जळजळ होतेय, मूळव्याध बाहेर आलीय, सगळं त्या पाच मिनिटांत कळतं.

तुम्ही सव्वा महिन्याचं बोलताय. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जायची वेळ येते. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. बाई बाळंत झाली म्हणून मुकादम थांबत नाही. बाळाला उसाच्या पाचटावर निजवून पंधरा-वीस दिवसांची बाळंतीण मोळ्या उचलते. डोक्यावर वजन आणि खाली अजून रक्त चालू. याच बायका पुढे 'अंग बाहेर येतं', म्हणजे गर्भपिशवी खाली सरकते, म्हणून येतात. कायद्याने २०१७ पासून नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे. चांगलंच आहे. पण कोयत्यावरच्या बाईला एक दिवसाचीही नाही. ती ज्या दिवशी फडात उतरत नाही त्या दिवशी खाडा धरतात आणि पैसे कापतात.

माळरान
ताई, हे वाचून काय लिहावं सुचत नाही.

डॉक्टर_सातपुडा
आशाताई, तुमची चहाची युक्ती मी आमच्या इथल्या आशांना सांगणार आहे.

बायका सांगत नाहीत हे किती खरं आहे त्याचा पुरावा जुना आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास आला. ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास निघाला. त्याआधी बहुतेकींची कधी तपासणीच झालेली नव्हती. म्हणून 'कोणी तक्रार करत नाही, म्हणजे त्रास नाही' असं कोणी म्हणालं की मला तो अभ्यास आठवतो.

एल्बेकाठ
मी हॅम्बुर्गला असते. इथे बाळंतपणानंतर सुईण घरी येते. पहिले दहा दिवस रोज येऊ शकते, पुढे बारा आठवड्यांपर्यंत गरजेप्रमाणे. खर्च आरोग्य विम्यातून. माझी सुईण आल्या आल्या आधी माझे टाके बघायची, पोटावर हात ठेवून गर्भाशय किती खाली गेलंय ते तपासायची आणि मग बाळाकडे वळायची. नंतर ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाचा वर्गही विम्यातूनच झाला. प्रसूतीनंतरचे आठ आठवडे बाईला कामावर घ्यायलाच कायद्याने बंदी आहे, तिची इच्छा असली तरी.

माहेरचं कोणी जवळ नव्हतं. डिंकाचे लाडू आईने कुरियरने पाठवले, मालिश कोणी केली नाही. पण कोणीतरी मला विचारत होतं, रोज. आशाताईंची फेरी ही तशीच व्यवस्था आहे, फक्त त्या कागदावर आईसाठीचे रकाने वाढवायला हवेत.

गुलबक्षी
छातीबद्दल कोणीच लिहिलं नाही? मला टाक्यांपेक्षा ते जास्त दुखलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरलं, दोन्ही बाजू दगडासारख्या कडक, हात वर होईना. पाजण्याआधी कोमट कापड, पाजल्यावर गार कापड, आणि बाळाला वारंवार घेणं, याने दोन दिवसांत उतरलं. निपलला चिरा पडल्या होत्या, त्याचं कारण बाळ नुसतं टोक ओढत होतं. काळा भाग जास्तीत जास्त तोंडात जायला हवा, हे एका नर्सने शेजारी बसून दाखवलं तेव्हा जमलं. एका बाजूला लाल चट्टा, गाठ आणि थंडी वाजून ताप आला तर मात्र लगेच डॉक्टर. तेव्हाही पाजणं बंद करायचं नाही.

आणि दुसऱ्या बाळंतपणात पाजायला घेतलं की पोटात वेणांसारख्या कळा! पहिल्या वेळी अशा नव्हत्या. मी घाबरलेच होते.

डॉक्टर_सातपुडा
गुलबक्षी, ते चांगलं लक्षण. बाळ ओढायला लागलं की ऑक्सिटोसिन सुटतं आणि गर्भाशय आवळतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी या कळा जास्त जाणवतात. प्रसूतीनंतर लगेच साधारण एक किलोचं असलेलं गर्भाशय सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. एवढं काम करताना दुखणारच. पाजण्याच्या अर्धा तास आधी पॅरासिटामॉल घेतली तर सुसह्य होतं.

आता कृष्णकमळच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कुठलं दुखणं सोडून द्यायचं नाही. एका तासात पॅड पूर्ण भिजत असेल किंवा मोठ्या गाठी पडत असतील. १०१ च्या आसपास ताप आणि घाण वास. एकच पोटरी सुजून दुखत असेल, किंवा छातीत दुखून धाप लागत असेल, कारण सहा आठवडे रक्ताची गाठ होण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. जोराचं डोकं दुखणं आणि डोळ्यांपुढे चमकणं, कारण बीपी प्रसूतीनंतरही चढतं, आधी कधीच नसलेल्या बाईचंही. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.

आणि मन. पंधरा दिवस उलटूनही रोज रडू येत असेल, बाळाला किंवा स्वतःला काही करावंसं वाटत असेल, तर तेही याच यादीत.

नाव_नको
मुद्दाम वेगळ्या आयडीने लिहितेय. संबंधांबद्दल विचारायचं होतं. तीन महिने झाले, नवरा समजूतदार आहे, पण प्रयत्न केला की आग होते आणि मी मागे सरते. हे कायमचं आहे का?

डॉक्टर_सातपुडा
नाही, कायमचं नाही. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे आतली त्वचा कोरडी आणि नाजूक राहते. मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती वापरा. घाई नको, दुखलं की थांबायचं. तरीही दुखत असेल तर टाक्यांचा व्रण तपासून घ्या. आणि पाळी आली नाही म्हणून निर्धास्त राहू नका, पाळी येण्याआधीच दिवस जाऊ शकतात. गर्भनिरोधनाचं याच भेटीत विचारून घ्या.

नाव_नको
खूप खूप धन्यवाद. हे विचारायला मला महिना लागला.

मनगटवाली
एक छोटंसं. अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखतंय, बाळ उचलताना हातातून सुटेल अशी भीती वाटते. हे कशाने?

गौरी_फिजिओ
बाळाला काखेत अंगठे ताणून उचलल्याने तिथल्या स्नायूबंधांना (टेंडनना) सूज येते. अंगठा पसरून उचलू नका, तळवा बाळाच्या ढुंगणाखाली आणि पाठीखाली सरकवून उचला. अंगठ्याला आधार देणारा पट्टा मिळतो, तो दोन-तीन आठवडे लावा. नाही थांबलं तर दाखवा.

खान्देशी_ठेचा
कृष्णकमळ कुठे गेली? धागा पेटवून पसार! बरी आहेस ना गं?

कृष्णकमळ
आहे, आहे. बाळ झोपलं की वाचत होते, टाइप करायला दोन्ही हात मोकळे मिळत नव्हते.

दाखवून आले. केसपेपर मागितला, दुसऱ्या श्रेणीचे टाके होते. जखम भरलीय, पण व्रणाच्या एका टोकाला हात लावला की कळ जाते, तिथे थोडं जास्तीचं मांस आलंय. त्यावर औषध लावलं, दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय. गौरीताई, तुमचा अंदाज बरोबर निघाला. स्नायू आवळलेले आहेत, फिजिओकडे पाठवलंय. तिने पहिल्या दिवशी फक्त श्वास घेऊन सैल सोडायला शिकवलं. मागून कापलेली उशी माकडहाडासाठी आणली, मी त्यावर बसून पूर्ण जेवण जेवले. इसबगोल चालू आहे आणि त्या भीतीचं बरंचसं ओझं उतरलंय.

सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. आशाताईंचं ऐकताना त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, माझंही अंग बाहेर येतं, वीस वर्षं झाली. पुढच्या आठवड्यात दोघी मिळून जाणार आहोत.

आशाताई_बीड
त्यांना सांगा, त्यावर रबराची रिंग बसवता येते, प्रत्येकीला ऑपरेशन लागत नाही. पिशवी काढायचा सल्ला कोणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

डॉक्टर_सातपुडा
आशाताईंशी पूर्ण सहमत.

चिंचपेटी
माझी तारीख पुढच्या महिन्यात आहे. हे सगळं वाचून बॅग पुन्हा भरतेय. टबात बसायचं म्हणालात तो कुठला टब? आमच्या बाथरूममध्ये बादली ठेवली तरी दार लागत नाही.

पारिजात_ठाणे
मेडिकलच्या दुकानात कमोडच्या बैठकीवर ठेवायचं पसरट भांडं मिळतं, 'सिट्झ बाथ टब' म्हणून मागायचं. वेगळी जागा लागत नाही. भारतीय संडास असेल तर धुणं भिजवायचा पसरट प्लास्टिकचा टब घे, फक्त तो दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. शिवाय जाड मोठे पॅड, उंच कमरेच्या सुती चड्ड्या (सिझर झालं तर शिवणीवर इलॅस्टिक येत नाही), लांब नळीची पाण्याची बाटली आणि मऊ उशी. बाळाच्या झबल्यांची काळजी करू नकोस, ती लोक ढीगभर आणून देतात.